वांद्रे-वरळी सी लिंक: तारांच्या आधीची गोष्ट

वांद्र्याहून माहीमला जायचं तर 1840 च्या दशकापर्यंत होडीत बसावं लागे. पावसाळ्यात खाडी खवळली की होड्या उलटत. कंपनी सरकार पैसा सोडेना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी 1,57,000 रुपये काढून दिले आणि माहीम कॉजवे, म्हणजे खाडीवरचा बांधीव रस्ता, उभा राहिला. लोकांकडून टोल घ्यायचा नाही अशी त्यांची अट होती, असं सांगतात. (सी लिंकच्या टोलनाक्यावर हे हमखास आठवतं.)

1962 मध्ये विल्बर स्मिथ कंपनीच्या अभ्यासात पश्चिम किनाऱ्यालगत मुक्तमार्ग सुचवला गेला. तो कित्येक वर्षं कागदावरच राहिला. त्याचाच एक तुकडा म्हणता येईल अशा सी लिंकची पायाभरणी 1999 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्ते झाली. अंदाज 660 कोटींचा होता, खर्च गेला 1,600 कोटींच्या घरात. मधली वर्षं कोळी बांधवांचा विरोध, कोर्टकचेऱ्या आणि बदलते आराखडे यांत गेली.

सगळी सी लिंक तारांवर लटकलेली आहे असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. 5.6 किलोमीटरपैकी बहुतेक लांबी साध्या, सुमारे 50 मीटरच्या गाळ्यांची (दोन खांबांमधल्या भागांची) आहे. तारा आहेत त्या वांद्रे आणि वरळी या दोन चॅनेलवर, म्हणजे बोटींच्या जलमार्गांवर. वांद्र्याकडे 250 मीटरचे दोन गाळे आणि मधोमध 128 मीटर उंच मनोरा. मनोऱ्याचे चार पाय आत कलत जातात आणि 98 मीटरवर एकत्र येतात. तिथून 264 तारा खाली सुटतात. एवढा रुंद गाळा लागेल इतकी मोठी जहाजं इथून जात नाहीत. एवढ्या रुंद गाळ्यात सोयीइतकाच शहराचा दिमाखही आहे, असं मला वाटतं.

खरी कसोटी पायापाशी होती. तळाशी बेसाल्टचा कातळ, त्यातच ब्रेशिया आणि टफ हे मऊ दगड. एका पाइलला (जमिनीत खोल उतरवलेल्या पायाच्या खांबाला) लागलेला दगड शेजारच्याला तसाच लागेल याची खात्री नाही. त्यावर मनोरा, आणि मग दोन्ही अंगांनी तोल सांभाळत पुढे सरकणारा रस्ता. त्याचे काँक्रीटचे तुकडे आधीच यार्डात ओतलेले. प्रत्येक तुकडा आदल्या तुकड्याला लागूनच ओततात, म्हणजे सांधे तंतोतंत बसतात. क्रम चुकला तर तो तुकडा दुसरीकडे चालत नाही. तुकडा बार्जवरून (सपाट मालवाहू बोटीवरून) आणायचा, वर उचलायचा, सांध्याला इपॉक्सी हा घट्ट डिंक लावून जोडायचा, तार ताणायची. एका अंगाला बसवला की दुसऱ्या अंगाला, नाहीतर मनोऱ्यावर एकांगी ओढ येते.

असा मनोऱ्यावरून तारांनी तोललेला, म्हणजे केबल-स्टेड, पूल देशाला नवा नव्हता. कोलकात्याचा विद्यासागर सेतू 457 मीटरच्या गाळ्यासह 1992 मध्येच खुला झाला होता. पण तो नदीवर. इथे खुल्या समुद्राची खारी हवा पोलादाच्या तारांना खायला टपलेली, म्हणून त्या प्लास्टिकच्या आवरणात बंद केल्या आहेत.

30 जून 2009 ला चार मार्गिका सुरू झाल्या, उरलेल्या 2010 मध्ये. मग किनाऱ्यालगतचा नवा कोस्टल रोड या पुलाला जोडायची वेळ आली आणि वरळीच्या कोळ्यांनी पुन्हा प्रश्न काढला: दोन खांबांमधून होडी निघणार कशी? गाळा 60 मीटरचा ठरला होता. आंदोलनानंतर तो 120 मीटरचा झाला.