वजनकाटा घरी नेल्यावर
हार्ट फेल्युअरचे पेशंट आणि घरच्यांसाठी

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. त्याचा जोर कमी होतो आणि अंगात पाणी साचू लागते. १ लिटर साचले की काट्यावर १ किलो वाढते. पाय सुजलेले दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन लिटर साचलेले असते. काटा त्याआधीच सांगतो.

काटा सपाट लादीवर ठेवा, चटईवर नको. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज तशाच कपड्यांत वजन करा. आकडा तिथल्या तिथे कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. झोपताना एकाऐवजी दोन उशा लागू लागल्या, तरीही. जुलाब-उलट्यांनी वजन झरझर उतरून चक्कर येत असेल तर तेही कळवा. अशा वेळी लघवीची गोळी जास्त होऊ शकते. बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट १०८.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळे जेवण धरून. आमटी अळणी करायची आणि सोबत सुका बांगडा, तोर (मिठात मुरवलेली कैरी) नि पापड घ्यायचा, इथेच हिशोब फसतो. लो-सोडियम मीठ मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असते. हार्ट फेल्युअरच्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असताना ते रक्तात वाढून जिवावर बेतू शकते. गुडघेदुखीवरची डायक्लोफेनॅकही विचारल्याशिवाय नको, तिने अंगात पाणी धरते.

डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर पाण्याचे बंधन घातले असेल तर सकाळी तेवढी बाटली भरून ठेवा. पाणी त्यातलेच प्या. चहा, पेज, सोलकढी घेतली की तेवढेच पाणी बाटलीतून ओतून टाका. बाटली रिकामी झाली की दिवसाचा कोटा संपला. पेज मोजायला बहुतेक जण विसरतात.

काटा पोचवायला येणारा आमचा माणूस पेशंटलाच वजन करून लिहायला लावतो आणि विचारतो, ‘‘परवापेक्षा अडीच किलो जास्त आले, तर काय करणार?’’ उत्तर अडखळले तर पुन्हा समजावतो. एका भेटीत एकच गोष्ट. सगळे सूनच लिहीत असेल, तर ती चतुर्थीला माहेरी गेली की कॅलेंडर कोरे!

पावसाळ्यात सेलच्या पत्र्यांना गंज धरतो आणि आकडा उड्या मारतो. पत्रे कोरड्या फडक्याने पुसा. तरी लागोपाठ दोनदा उभे राहून २०० ग्रॅमहून जास्त फरक आला, तर काटा आमच्याकडे आणा.