जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इतके दणकट कशामुळे?

खंबाटकी किंवा कात्रजचा घाट रोज चढणारा पुण्याचा ट्रकमालक ऑटोमॅटिकचं नाव काढलं की आधी विचारतो, टिकेल का? अमेरिकेत मात्र साठ-सत्तरच्या दशकांतले ऑटोमॅटिक बॉक्स मजबुतीसाठीच ओळखले जातात. ही ख्याती खरी आहे, आणि तिला ठोस कारणं आहेत.

या बॉक्सचं मूळ जहाजात आहे. टर्बाइनचा प्रचंड वेग पंख्याला झेपावा म्हणून जर्मन इंजिनिअर हर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये तेलातून ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. तिथूनच टॉर्क कन्व्हर्टर आला. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असल्यामुळे चढावर गाडी सुटतानाचा हिसका दातांवर थेट बसत नाही. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत आला आणि दुसऱ्या महायुद्धात एम५ या हलक्या रणगाड्यात बसला. पुढे त्याच कंपनीच्या लष्करी ट्रकांनाही तो मिळाला.

खरा दणकटपणा आला तो तीन गिअरच्या बॉक्समध्ये : क्रायसलरचा टॉर्कफ्लाइट (१९५६), जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४), फोर्डचा सी६ (१९६६). साध्या गिअरबॉक्समध्ये सगळा भार एका गिअरजोडीच्या एकदोन दातांवर येतो. प्लॅनेटरी गिअरमध्ये मधल्या गिअरभोवती तीन-चार छोटे गिअर फिरतात आणि भार वाटून घेतात. त्यात क्लच प्लेटा मोठ्या, शाफ्ट जाड. गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाब, गाडीच्या वेगानुसार दाब बदलणारा गव्हर्नर आणि इंजिनाचा व्हॅक्यूम किंवा अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी ठरवायचे. कॉम्प्युटर नाही, वायरिंग जवळपास नाही. टर्बो ४०० रोल्स-रॉइसनेही घेतला आणि अमेरिकन लष्कराच्या सुरुवातीच्या हमवी या जीपसारख्या गाडीतही तोच होता. याहून मोठा दाखला मला सुचत नाही.

किंमत मोजावी लागली ती इंधनात. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर नाही; घसर थांबवायला कन्व्हर्टर लॉक होण्याची सोय बहुतेकांत नाही. हायवेवर इंजिन उगाच जोरात फिरायचं. कन्व्हर्टरमधली घसर म्हणजे उष्णता. तापलेल्या तेलाने सील कडक होतात, दाब पडतो, प्लेटा घसरून जळतात. म्हणून ‘हा बॉक्स मरतच नाही’ हे जोड ऑइल कूलर लावलेल्या आणि वेळेवर तेल बदललेल्या गाड्यांपुरतंच खरं मानावं.

अवजड गाड्यांना असे बॉक्स पुरवण्याचं काम अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या अ‍ॅलिसनने केलं. कचरागाड्या, अग्निशमन बंब, स्कूल बस, म्हणजे दर शंभर पावलांवर थांबणारी वाहनं, हे या कंपनीचं हक्काचं गिऱ्हाईक.

आपल्याकडे वाट वेगळी होती. १९५४ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डेमलर-बेंझसोबत ट्रक बनवायला घेतले ते हाताच्या गिअरचे, आणि साठच्या दशकात पिंपरीला कारखाना आल्यावरही तेच चाललं. डिझेलचा खर्च पाहता ते साहजिकच होतं.

आता ट्रकांत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) येतं आहे, पण त्याला जुन्या ऑटोमॅटिकची ख्याती चिकटवू नये. आत नेहमीचेच गिअर आणि नेहमीचाच क्लच असतो. फक्त तो हवेच्या दाबाने किंवा मोटरने, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो. घाटातल्या कोंडीत नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी थोपवून धरली, तर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल तापतं, एएमटीमध्ये क्लच प्लेट जळते. दोन्हीकडे ब्रेकच दाबायचा.