पाच राज्यांचं गोरं राष्ट्र आणि तिथल्या शेजाऱ्यांचं उत्तर

अमेरिकेत गोऱ्या राष्ट्रवाद्यांनी पुन्हा डोकं वर काढलंय असा विषय निघाला की सगळ्यांना 2017 चं शार्लट्सविल आठवतं, मशाली घेऊन चालणारी पोरं, दुसऱ्या दिवशी माणसांच्या गर्दीत घुसवलेली गाडी, त्यात जीव गेलेली हेदर हायर. पण "ठीक आहे, मग आपण करायचं काय?" याचं उत्तर हवं असेल तर मला वाटतं त्याच्या बरंच मागे जायला हवं, आणि तेही वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो, मोंटाना, वायोमिंग या वायव्येच्या पट्ट्यात. कारण ही पाच राज्यं फक्त गोऱ्यांसाठी वेगळी काढायची असा बेत 1980 च्या दशकात तिथे उघडपणे मांडला जात होता, आणि त्याला तिथल्याच सामान्य लोकांनी अडवलं.

या भागाशी आपला भारतीयांचा संबंध जुना आहे. 4 सप्टेंबर 1907 च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या बेलिंगहॅमला काहीशे गोऱ्यांचा जमाव लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीय मजुरांवर, म्हणजे मुख्यतः पंजाबी शिखांवर, तुटून पडला. खोल्यांमधून खेचून काढलं, सामान रस्त्यावर फेकलं, बऱ्याच जणांना नेऊन सिटी हॉलमध्ये कोंडलं. पोलिसांनी अडवलं नाही, गावातलं फारसं कुणी मध्ये पडलं नाही आणि थोड्याच दिवसांत सगळे भारतीय गाव सोडून गेले. आपले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे त्याच काळात या किनाऱ्यावर होते, ऑरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते आणि तिथल्या मजुरांमध्ये मिसळून काम करत होते, त्यातूनच पुढे 1913 मध्ये गदर चळवळ उभी राहिली.

याच ऑरेगनच्या लाकूड गिरण्यांत काम केलेले, अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. त्यांची बाजू अशी होती की आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने गोरेच. फेब्रुवारी 1923 मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही, आणि मग आधी मिळालेलं नागरिकत्वसुद्धा बऱ्याच भारतीयांकडून काढून घेतलं गेलं. हे मुद्दाम लिहितोय कारण "आपण शिकलेले, टॅक्स भरणारे, आपल्याला कोण काय करणार" हे अजूनही आपल्या घरांमध्ये ऐकू येतं, आणि त्या समजाचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागलाय.

आता आयडाहो. रिचर्ड बटलर नावाचा कॅलिफोर्नियातला एक इंजिनिअर 1970 च्या दशकात उत्तर आयडाहोत आला, हेडन लेकजवळ 20 एकर जागा घेतली आणि तिथे 'आर्यन नेशन्स'चा तळ उभा केला, चर्च, टेहळणीचा मनोरा, स्वस्तिकाचे झेंडे, दर उन्हाळ्यात देशभरातल्या नाझी आणि कू क्लक्स क्लॅन या जुन्या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांचं संमेलन. जवळचं गाव कोर्डालेन, तळ्याकाठचं टुमदार, जवळपास सगळं गोरं. बहुतेकांना वाटायचं दुर्लक्ष करा, प्रसिद्धी दिली तर ते अजून माजतील. मग 1980 च्या शेवटी एका ज्यू माणसाच्या हॉटेलवर रात्रीतून स्वस्तिकं आणि शिव्या रंगवल्या गेल्या, आणि 1981 च्या सुरुवातीला गावातली मोजकी माणसं एका चर्चमध्ये जमली आणि कूटने काउंटी टास्क फोर्स हा नागरिकांचा गट सुरू झाला.

सुरुवात तिथे झाली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, कारण या लोकांनी पहिलं काम काय केलं तर ज्याला त्रास झाला त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. पुढे एका मिश्रवंशीय कुटुंबाला धमक्या सुरू झाल्या तेव्हा लक्षात आलं की वंशावरून धमकावणं हा आयडाहोत धड गुन्हाच नाहीये, मग हे लोक विधानसभेच्या मागे लागले आणि 1983 मध्ये तसा कायदा करून घेतला, तोही आयडाहोसारख्या कट्टर पुराणमतवादी राज्यात.

त्याची किंमतही मोजावी लागली. बटलरच्या वर्तुळातून निघालेल्या 'द ऑर्डर' नावाच्या टोळीने दरोडे घातले, जून 1984 मध्ये डेन्व्हरला ॲलन बर्ग या ज्यू रेडिओ निवेदकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या. सप्टेंबर 1986 मध्ये टास्क फोर्सचे अध्यक्ष, कॅथलिक धर्मगुरू बिल वॉसमथ यांच्या घराच्या मागच्या बाजूला बॉम्ब फुटला, ते घरातच होते, वाचले. दोनच आठवड्यांनी गावात आणखी बॉम्ब फुटले. लोक घाबरले असतीलच, पण टास्क फोर्स काही बंद झाला नाही, उलट 1987 मध्ये वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग अशा त्याच पाच राज्यांसाठी एक मोठी आघाडी उभी राहिली आणि वॉसमथ पुढे धर्मगुरूपद सोडून तिचं काम पूर्ण वेळ बघू लागले.

तिकडे ऑरेगनमध्ये, पोर्टलंडला, नोव्हेंबर 1988 मध्ये मुलुगेटा सेरॉ या इथिओपियातून शिकायला आलेल्या तरुणाला तीन स्किनहेड्सनी, म्हणजे डोकं भादरून फिरणाऱ्या वर्णद्वेषी पोरांनी, बेसबॉलच्या बॅटने मारून टाकलं. मारणारे तुरुंगात गेले, पण त्याच्या कुटुंबाच्या वतीने दिवाणी दावा लागला तो या पोरांना चिथावणाऱ्या टॉम मेट्झगरवर आणि त्याच्या संघटनेवर, आणि 1990 मध्ये ज्युरीने सव्वा कोटी डॉलरची भरपाई द्यायला लावली. द्वेष पसरवणाऱ्या संघटनेची तिजोरी रिकामी करायची ही वाट इथे चांगलीच रुळली. हेडन लेकला तेच झालं. 1998 च्या उन्हाळ्यात एक आई आणि तिचा मुलगा तळासमोरून जात होते, गाडीचा फट् आवाज झाला, तो गोळीचा समजून बटलरच्या पहारेकऱ्यांनी पाठलाग करून गाडीवर गोळ्या झाडल्या. सप्टेंबर 2000 मध्ये ज्युरीने 63 लाख डॉलरचा निकाल दिला, बटलरचं दिवाळं निघालं, ती जागा गेली, इमारती पाडल्या आणि तिथे मोकळं पार्क झालं.

पोर्टलंडमधला एक वरिष्ठ पोलीस अधिकारी, वेन इनमन, पुढे मोंटानातल्या बिलिंग्सचा पोलीस प्रमुख झाला. 1993 मध्ये बिलिंग्सला जेव्हा क्लॅनची पत्रकं पडायला लागली, ज्यू दफनभूमीतले दगड पाडले गेले, तेव्हा गप्प बसलं की काय होतं हे पोर्टलंडला बघून आलेला हा माणूस गावाला सांगत सुटला की आत्ताच बोला. एका मूळ अमेरिकन बाईच्या घरावर शिव्या रंगवल्या, तर रंगाऱ्यांच्या युनियनची माणसं आली आणि फुकटात घर रंगवून दिलं. डिसेंबरमध्ये हनुक्का हा ज्यूंचा सण तोंडावर आला असताना एका ज्यू कुटुंबाच्या घरी, पाच वर्षांच्या मुलाच्या खोलीच्या खिडकीतून सिमेंटचा ठोकळा आला, खिडकीत मेनोरा म्हणजे त्यांचा सणाचा दीपवृक्ष लावला होता म्हणून. सल्ला मिळाला की मेनोरा काढून ठेवा. आईला ते पटेना, मुलाला काय सांगणार, आपला सण लपवायचा? ती पेपरशी बोलली. मग चर्चमधून, शाळांमधून मेनोराची चित्रं वाटली गेली, बिलिंग्स गॅझेटने पानभर मेनोरा छापला आणि हजारो ख्रिश्चन घरांच्या खिडक्यांत तो लागला. त्यातल्याही काही खिडक्या फुटल्या, पण कुठल्या घरात ज्यू राहतात हेच कळेनासं झालं, आणि हळूहळू ते प्रकार थांबत गेले. आपल्या गल्लीत एकाच घराचा आकाशकंदील कुणी फोडला आणि दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे दिवाळी नसते त्या घरांनीही कंदील लावले, तसं हे झालं.

म्हणजे सगळं निवळलं असं नाही. जून 2022 मध्ये कोर्डालेनलाच प्राइडच्या कार्यक्रमाच्या दिवशी तोंडं झाकलेली माणसं एका भाड्याच्या ट्रकमध्ये दाटीवाटीने चढताना एका नागरिकाने पाहिली, पोलिसांना फोन लावून सांगितलं की छोटी फौजच दिसतेय, आणि पॅट्रियट फ्रंट या गोऱ्या राष्ट्रवाद्यांच्या संघटनेचे 31 जण कार्यक्रमापर्यंत पोचायच्या आत पकडले गेले. मार्च 2024 मध्ये तिथेच उतरलेल्या युटाच्या महिला बास्केटबॉल टीमला रस्त्यावर वर्णद्वेषी शिव्या खाव्या लागल्या, टीमने मुक्काम हलवला.

आपल्या लोकांबद्दल थोडं. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅन्ससच्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोतलाला "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडत मारलं, तेव्हा अडवायला पुढे झालेला इयन ग्रिलट हा गोरा तरुण स्वतः गोळी लागून जखमी झाला. त्यानंतर भारतीयांमध्ये सल्ले फिरले की बाहेर आपल्या भाषेत बोलू नका, कुणी बोललं तर वाद घालू नका. भीती मी समजू शकतो, पोरंबाळं असलेल्या माणसाने जपून राहावंच, पण अमेरिकेतली आपली मंडळं तेवढ्यावरच थांबली तर ते बेलिंगहॅमच्याच वाटेने जाणं झालं, फक्त गाव न सोडता. मशीद असो, सिनेगॉग असो, कृष्णवर्णीयांचं चर्च असो, तिथे काही झालं तर मंडळाची चार माणसं दुसऱ्या दिवशी तिथे दिसायला हवीत, गणपतीला महापौरांना बोलावतो तेवढ्याच हक्काने पोलीस प्रमुखांनाही भेटून ठेवायला हवं.

आणि तक्रार लिहून द्यायला हवी. 5 ऑगस्ट 2012 ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने सहा जणांना मारलं, तेव्हा एफबीआयच्या द्वेष-गुन्ह्यांच्या फॉर्मवर शीख किंवा हिंदू असा रकानाच नव्हता. आई गमावलेल्या एका 18 वर्षांच्या मुलाने पुढच्याच महिन्यात सिनेटसमोर ते सांगितलं, संघटनांनी पाठपुरावा केला आणि 2015 पासून ते रकाने आले. पण एफबीआयला आकडे कळवायचं बंधन स्थानिक पोलिसांवर नाही आणि घरी येऊन कुणी विचारत नाही, त्यामुळे दुकानाबाहेर कुणी "परत जा" म्हणून अंगावर आलं तर तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर त्याच दिवशी लिहून काढा, पोलिसांकडून केस नंबर मागून घ्या, आणि एकटं जायला नको वाटत असेल तर मंडळातल्या कुणालातरी सोबत घेऊन जा.