शनवार तेली

शनवार तेली (शनिवार तेली असंही लिहितात) हे जुन्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाला शेजाऱ्यांनी दिलेलं नाव. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा, मुरुड या पट्ट्यात हे मराठी बोलणारे ज्यू लोक पिढ्यानपिढ्या तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे ज्यू धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, बैल जुंपायचे नाहीत, त्यावरून हे नाव पडलं. याच भागात सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, म्हणजे गावाच्या दृष्टीने दोन्ही तेलीच, फक्त सुट्टीचा वार वेगळा. एवढ्याशा समाजाला मोठ्या समाजाने आपल्या जातींच्या उतरंडीत कसं बसवून घेतलं आणि त्यातून त्या समाजाला काय मिळालं, काय सोसावं लागलं, हे या दोन शब्दांत जितकं दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल, म्हणून बेने इस्राएल या समाजापेक्षा या नावाची ही वेगळी नोंद.

हे लोक कोकणात कधी आले यावर भरपूर वाद आहे. त्यांची स्वतःची परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं आणि पोथ्याबिथ्या सगळं समुद्रात गेलं. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर (त्यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेला इतिहास छापून आला थेट १९३७ साली) हे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपास धरतात. त्यासाठी नेहमी दिला जाणारा एक पुरावा असा की या लोकांना हनुक्का हा सण माहीतच नव्हता, म्हणजे तो सुरू होण्याआधीच ते निघाले असणार. पण एखादा सण माहीत नसणं म्हणजे तो विसरला गेलेलाही असू शकतो, त्यामुळे या पुराव्यावर फार भार टाकता येत नाही. काहींनी प्राचीन काळी परागंदा झालेल्या, इस्राएलच्या हरवलेल्या दहा टोळ्यांशी नातं जोडलंय, काहींनी इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात इराण किंवा येमेनकडून आले असं म्हटलंय. चिपळूणच्या परशुरामाच्या कथेत किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं जिवंत होऊन त्यांचे चित्पावन झाले, आणि इथेही सात जोड्या म्हणजे चौदाच माणसं, हे साम्य बऱ्याच अभ्यासकांनी दाखवलंय. कोणाची कथा कोणाकडे गेली हे ठरवणं अवघड आहे, पण एकाच किनाऱ्यावर शेजारी राहणाऱ्यांनी एकमेकांच्या कथा ऐकल्या असणार हे उघड आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतले ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंश या समाजात सापडले आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे ढोबळमानाने ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचं निघालं. हा काळ मिश्रणाचा आहे, आगमनाचा नाही, तरीही केहिमकरांच्या तारखेपेक्षा मध्ययुगाच्या जवळची तारीख जास्त पटते.

कोकणात राहून या लोकांनी शेजारधर्म पुरेपूर घेतला. आडनावं गावावरून पडली, दिवेकर, पेणकर, चेऊलकर, अष्टमकर, केहिमकर. अब्राहमचा आबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी. सणांची नावंही इथलीच, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. लग्नात हळद आणि मंगळसूत्र आलं, विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही ही रीतही आली आणि गोमांसही सुटलं. प्रार्थनास्थळाला हे लोक स्वतः मशीद म्हणायचे आणि धर्मकार्य सांगणाऱ्याला काजी, म्हणजे आपल्या देवाच्या घराचं नावसुद्धा त्यांनी मुसलमान शेजाऱ्यांकडून घेतलं. नवस फेडायला एलियाहू हनावी म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात तो अजूनही टिकून आहे, भिजवलेले पोहे, त्यात खवलेला ओला नारळ, साखर, सुकामेवा, ताटात कडेने फळं आणि मग हिब्रू प्रार्थना. ताट बघितलं तर अगदी आपल्या घरचं वाटतं आणि कानावर पडणारी भाषा मात्र पार वेगळी. यात सक्ती होती असं कुठे दिसत नाही, कोकणात यांचा ज्यू म्हणून छळ झाल्याची नोंद नाही. पण तेली म्हणून जी पायरी मिळाली ती खालचीच होती, हेही त्यासोबत सांगायला हवं.

डेव्हिड राहबी नावाच्या माणसाने हे लोक ज्यूच आहेत हे ओळखलं असं सांगतात. त्याने बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले, त्यांनी खवले आणि पर असलेले, म्हणजे ज्यू धर्मात चालतात तेवढेच घेतले, बाकीचे बाजूला काढले, आणि त्याची खात्री पटली. याचा काळ परंपरेत खूप मागे, हजार वर्षांच्या आसपास धरला जातो. कोचीनच्या राहबी घराण्यातला अठराव्या शतकातला व्यापारी तो हाच असं मत जास्त ग्राह्य वाटतं.

समाजाच्या आतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. स्थानिक बायकांपासून झालेली संतती ती काळी, असा समज. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांच्या भांड्यांत जेवण नाही. ज्यांना स्वतःला गावाने एका कप्प्यात टाकलं होतं त्यांनी आपल्यातल्या आणखी थोड्यांना तसंच टाकलं, ही गोष्ट या समाजावर प्रेम असणाऱ्यालाही लपवता येणार नाही.

मुंबईत चित्र बदललं. कंपनी सरकारच्या फौजेत भरती झालेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवीला पहिलं सिनेगॉग म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ बांधलं, आणि डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, महालक्ष्मी-वरळीकडचा रस्ता त्यांच्याच नावाचा. पण बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू यांना बरोबरीचे मानेनात, यांच्यात इथलं रक्त मिसळलंय आणि घटस्फोटाचे धर्मनियम यांना ठाऊक नाहीत, असा आक्षेप. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी सामायिक दफनभूमीत मधे भिंत घालून द्या असा अर्ज सरकारकडे केला. मेल्यावरसुद्धा शेजार नको, आणि तोही स्वधर्मीयांचा, याहून जिव्हारी लागणारं काय असेल! रंगूनच्या बगदादी सिनेगॉगमध्ये मतदानाचा हक्क नाकारला तेव्हा हे लोक कोर्टात गेले आणि १९३५ मध्ये जिंकले.

१९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले, आणि इथे गावात ज्यू म्हणून वेगळे ठरलेले हे लोक तिथे भारतीय म्हणून वेगळे ठरले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी म्हणजे धर्मगुरूंनी फतवा काढला की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायचं असेल तर आईकडच्या मागच्या पिढ्या तपासा. त्यावर मोर्चे, धरणी, जेरुसलेममध्ये बैठा संप असं सगळं झालं, ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेचं खास अधिवेशन बोलवावं लागलं आणि हे लोक सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं तिथे जाहीर झालं. त्याच महिन्यात फतव्यातून त्यांचं नाव काढलं. आज बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथे मोठी वस्ती आहे आणि मलिदा तिथेही होतो.

कोकणात आता थोडीच घरं उरलीत. अलिबागला इस्राएल आळी आहे, तिथलं सिनेगॉग १८४८ चं, आणि नवगावला जुनी दफनभूमी आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन असे सहा समाज आहेत, ज्यू त्यात नाहीत.