लॅपटॉपवरच्या साइटला एचटीटीपीएस, आणि त्यामागची एक जपायची फाइल

लॅपटॉपवर साइट बनवताना एचटीटीपीएस (म्हणजे साइट आणि ब्राउझरमधली देवाणघेवाण एन्क्रिप्ट, कुलूपबंद करून पाठवणं) चालू केलं की ब्राउझर लाल पाटी दाखवतो, आपण अॅडव्हान्स्ड दाबतो आणि पुढे जातो. गंमत म्हणजे कनेक्शन तेव्हाही एन्क्रिप्टेड असतंच, ब्राउझरला विचारायचंय एवढंच की साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या डिजिटल ओळखपत्रावर, सही कुणाची? आपणच बनवून आपणच सही केलेलं, सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट म्हणजे स्वतःच्या झेरॉक्सवर स्वतःच अटेस्टेडचा शिक्का मारणं.

मग फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून घ्यावं तर ते लोकलहोस्टला, म्हणजे मशीन स्वतःला ज्या नावाने ओळखतं त्याला, देत नाहीत, कारण ते नाव कुणा एकाचं नाहीच, प्रत्येक मशीनवर ते त्या मशीनकडेच जातं.

तसं नुसत्या लोकलहोस्टला सर्टिफिकेट बहुतेकदा लागतही नाही, क्रोम-फायरफॉक्स त्याला साध्या एचटीटीपीवरही सुरक्षित धरतात, कॅमेरा, लोकेशन सगळं चालतं. अडतं ते फोनवरून लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकून साइट उघडली की, किंवा दुकान डॉट टेस्ट असं काही नाव दिलं की. (डॉट टेस्टच घ्या, ते १९९९ पासून चाचणीसाठी राखीव आहे. पूर्वी बरेच जण डॉट डेव्ह वापरायचे, पण ते गूगलचं, आणि २०१७ च्या शेवटी क्रोम ६३ ने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केलं, मग बसा बोंबलत!)

यावर सोपा उपाय म्हणजे फिलिपो वाल्सोर्डा या प्रोग्रामरने बनवलेलं एमकेसर्ट हे टूल. इन्स्टॉलची कमांड दिली की ते तुमच्या मशीनपुरती एक सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा, बनवतं, तिचं स्वतःचं मूळ (रूट) सर्टिफिकेट सिस्टिमच्या विश्वासू यादीत टाकतं, आणि मग हव्या त्या नावाला, आयपीलासुद्धा, तिच्या सहीचं सर्टिफिकेट देतं. फोनवर तेच रूट वेगळं टाकावं लागतं, आयफोनमध्ये शिवाय सेटिंगमध्ये जाऊन त्याला फुल ट्रस्टही द्यावा लागतो, तिथेच बरेच जण अडकतात.

आता खरी काळजीची गोष्ट. रूटची प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली असलेली फाइल, ज्याच्या हातात गेली तो कुठल्याही साइटचं, तुमच्या बँकेचंसुद्धा, सर्टिफिकेट बनवू शकतो आणि तुमचा ब्राउझर हूं की चूं करणार नाही. २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीच टाकलेल्या सुपरफिश या जाहिराती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच सापडलं, सगळ्या मशीनवर एकच की, आणि ती काही वेळात फोडली गेली. म्हणून टीममध्ये ही फाइल फिरवू नका, प्रत्येकाने आपापली बनवावी. आणि हो, एमकेसर्टची अनइन्स्टॉल कमांड रूटला यादीतून काढते पण कीची फाइल डिस्कवर तशीच राहते, ती हाताने उडवा.