पहिला सिंथ घेताना: दुकानात यायच्या आधी एवढं वाचा

दुकानात शिरल्या शिरल्या बरेच जण सिंथकडे (म्हणजे सिंथेसायझरकडे) बोट दाखवून विचारतात, "यात तबला-ढोलकीचे ऱ्हिदम किती?" उत्तर एकच: एकही नाही. ते असतात ॲरेंजर कीबोर्डमध्ये. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे त्याला सरसकट 'कॅसिओ'च म्हणतात. ऑर्केस्ट्राला, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला तेच लागतं. तुम्हाला तेच हवं असेल तर सिंथवर पैसे घालू नका, आम्ही सांगतोय म्हणून ऐका. सिंथमध्ये कच्चा आवाज मिळतो. तो घडवायचा तुम्ही.

घडवायचा म्हणजे कसा, ते पेटीवरून लगेच कळेल. पेटीची पट्टी दाबली पण भाता हलवला नाही, तर सूर निघत नाही. सिंथमध्ये भात्याचं काम एन्व्हलप करतो. त्याचे चार नॉब: अटॅक (सूर किती वेळात चढतो), डिके (मग किती वेळात उतरतो), सस्टेन (बोट असेपर्यंत किती टिकतो), रिलीज (बोट उचलल्यावर किती वेळात संपतो). सस्टेन पूर्ण उघडा, बोट पट्टीवर असेपर्यंत पेटीसारखा सूर टिकेल. सस्टेन शून्यावर आणून डिके आखूड केलात, तर तबल्याच्या चाटेवर बोट पडावं तसा 'टक्' होऊन आवाज संपेल. तोच डिके लांबवला की तंबोऱ्याच्या तारेसारखा विरत जाईल. फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, कळायला तर यंत्रही नको. तोंडावर तळहात धरून 'आ' म्हणा आणि हात सावकाश बाजूला करा. कटऑफचा नॉब फिरवला की हेच होतं.

म्हणून पहिल्या सिंथला आमची अट एकच: ही कामं वरच्या वर, समोर, वेगवेगळ्या नॉबवर हवीत. शेकडो तयार आवाज आणि एवढीशी स्क्रीन असलेलं यंत्र डेमोला झकास वाटतं. घरी गेल्यावर मात्र माणूस मेन्यूत हरवतो.

एक सूर की चार?

कॉर्ड, म्हणजे एकत्र अनेक सूर, वाजवायचे असतील तर पॉलिफोनिक (एका वेळी अनेक सूर देणारा) सिंथ घ्यावा लागेल. कॉर्गचा मिनीलॉग (2016) इथे सोयीचा पडतो. एका वेळी चार सूर, 37 पट्ट्या, बनवलेला आवाज साठवायची सोय. पट्ट्या बारीक आहेत. पेटीची सवय असलेल्यांची बोटं सुरुवातीला अडखळतात, हे आधीच सांगून ठेवतो.

पण तुम्ही गाण्याच्या अंगाने वाजवणार असाल, तर एका वेळी एकच सूर देणाऱ्या मोनो सिंथला नाक मुरडू नका. पेटीवर मींड निघत नाही, हे दुखणं जुनं आहे. मोनो सिंथवर ग्लाइड लावून लेगाटो, म्हणजे सूर न तोडता सलग, वाजवलं की एक सूर दुसऱ्यात घसरत जातो. नोव्हेशनच्या बास स्टेशन टूला ग्लाइडचा स्वतंत्र नॉब आहे, पिच बेंडचं (सूर वर-खाली ओढायचं) चाक आहे, शिवाय पट्ट्या पूर्ण मापाच्या, फक्त 25 असल्या तरी. कॉर्गच्या मोनोलॉगमध्ये मायक्रोट्यूनिंग आहे, म्हणजे कोमल गंधार तुम्हाला हवा तितका उतरवून ठेवता येतो. आणि सिंथवर राग वाजवणं हे काही नवं खूळ नाही. आपल्या मुंबईतल्याच चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलँडचा टीबी-303 (बास सिंथ), टीआर-808 (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-8 (सिंथ) घेऊन राग वाजवून त्याची रेकॉर्ड काढली होती.

बजेट अगदीच कमी असेल तर कॉर्गची व्होल्का, म्हणजे छोट्या यंत्रांची मालिका. सहा पेन्सिल सेलवर चालते, ऑफिसच्या बॅगेत मावते. मात्र त्यातल्या व्होल्का कीज या मॉडेलमध्ये बनवलेला आवाज साठवता येत नाही. आमच्याकडचे जुने गिऱ्हाईक मोबाइलने नॉबचा फोटो काढून ठेवतात, तसंच करायचं.

वायरींचं काय

सगळ्यात जास्त फोन याच कारणाने येतात: "यूएसबी लावली, लॅपटॉपमध्ये आवाजच येत नाही!" वर सांगितलेल्या मिनीलॉगच्या किंवा बास स्टेशनच्या यूएसबीतून फक्त मिडी जातं, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली एवढा निरोप. आवाज जातो मागच्या क्वार्टर इंचाच्या जॅकमधून, आणि तो लॅपटॉपमध्ये घ्यायला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मधे लावायचा छोटा डबा, लागतो. तो घरी नसेल तर बजेट ठरवताना सिंथ, इंटरफेस आणि केबल असा तिन्हींचा हिशेब धरा. रेकॉर्डिंगमध्ये 'घूं' येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर दोष सिंथचा नाही, ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या वायरींतून येणारी घूं. त्यावर उपाय आहे, येऊन भेटा.

अडॅप्टरच्या बाबतीत मात्र हयगय नको. गिटार पेडलचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर बहुधा पिनच्या आतून निगेटिव्ह असतो, व्होल्काला आतून पॉझिटिव्ह लागतो. अमेरिकेहून कोणी नातेवाइकाने सिंथ आणला असेल तर अडॅप्टरवर 100-240 व्होल्ट लिहिलंय का ते बघा. नुसतं 120 लिहिलेला अडॅप्टर आपल्या 230 च्या बोर्डात घालायचा नाही. मागच्या दिवाळीत एक काका जळका वास येणारा अडॅप्टर पिशवीत घालून घेऊन आले होते. सिंथ वाचला, नशीब.

पावसाळा

समुद्राजवळच्या घरात जून ते सप्टेंबर नॉब खरखरायला लागतात. वाजवून झालं की कपडा टाका, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि खिडकीखालचं टेबल तेवढं सोडा. खरखर आली तर आधी नॉब दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तरी राहिली तर इकडे आणा. घरातला गंजावरचा स्प्रे मारू नका.

ऐंशीच्या दशकातली जुनी यंत्रंही आमच्याकडे येतात. देखणी असतात, पण पहिला म्हणून आम्ही ती विकत नाही. रोलँडच्या जुनो-106 मधल्या व्हॉइस चिप (सूर तयार करणाऱ्या) हमखास जातात आणि मग शोधाशोध लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात संपत नाही.

येताना घरचे हेडफोन घेऊन या, कारण चाळीत किंवा वन-बीएचकेत तुम्ही रात्री त्यांच्यावरच ऐकणार आहात. टेबलाची खोली टेपने मोजून आणा, लॅपटॉप ठेवून उरते तेवढी. किमती सारख्या बदलतात, म्हणून इथे छापल्या नाहीत. अर्धा तास वाजवून बघायचे पैसे नाहीत. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी या.