कुत्रा नेमका वाफाच का उकरतो?

फाटकाशी लाल पाण्याची बाटली टांगली की कुत्रं दारात घाण करत नाही, हा समज आपल्याकडे गावोगावी आहे. अलीकडे त्याच बाटल्या गुलाबाच्या आळ्यांत आणि मोगऱ्याच्या वाफ्यांत उभ्या दिसतात. कुत्र्याने माती उकरू नये म्हणून! कुणी पाण्यात कुंकू कालवतं, कुणी नीळ. लाल रंगाला कुत्रा घाबरतो म्हणे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात. एक प्रकार ४२९ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ५५५ च्या आसपासच्या पिवळट-हिरव्या प्रकाशाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे १९८९ मध्येच मोजून ठेवलं आहे. म्हणजे तुमचं लालभडक कुंकवाचं पाणी त्याला मळकट तपकिरी दिसणार. निळीचं पाणी निळं दिसेल खरं, पण त्याला घाबरायचं कशासाठी?

दुसरा समज जास्त त्रासाचा आहे. ‘त्याला कळतं की चुकलंय, बघा कसं तोंड केलंय!’ २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने याचीच परीक्षा घेतली. कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नाही, याच्याशी त्या ओशाळ्या चेहऱ्याचा संबंध लागला नाही. मालक रागावला की तो चेहरा यायचा. तेव्हा संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या खड्ड्याबद्दल फटका देणं फुकट आहे. कुत्रा शिकतो ते एवढंच की मालक घरी आला की मार बसतो.

मग उकरतो कशाला? कारणं बरीच आहेत. खाली घूस असेल, कंटाळा आला असेल, कुत्री व्यायला झाली असेल. डॅशहाउंड आणि टेरियर तर बिळात घुसून शिकार करण्यासाठीच पैदा केलेल्या जाती. त्यांना माती मिळाली नाही तर ती सोफा उकरतात. पण मार्च ते जून या काळात आपल्याकडचे बहुतेक खड्डे ज्या कारणाने पडतात, ते मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात कुत्र्यापेक्षा भौतिकशास्त्र जास्त आहे.

बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर दुपारी भटकं कुत्रं काय करतं ते बघा. पुढच्या पायांनी वरची वाळू मागे फेकतं, एक गिरकी घेतं आणि मागचे पाय बेडकासारखे पसरून पोट खड्ड्यात टेकवतं. पोटच का? तिथे आणि जांघेत केस विरळ असतात, कातडी थेट जमिनीला लागते. अंग थंड ठेवण्यापुरता घाम कुत्र्याला येत नाही. येतो तो जवळपास फक्त तळपायांना. त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी वाफ होऊन उष्णता घेऊन जातं. पण कोकणातल्या दमट हवेत पाण्याची वाफच नीट होत नाही, आणि विदर्भात हवाच कुत्र्यापेक्षा गरम. राहता राहिली जमीन.

आता जमिनीचं बघू. उन्हाने माती दिवसा तापते, रात्री निवते. ही तापण्या-निवण्याची लाट हळूहळू खाली उतरते आणि उतरताना मरत जाते. किती खोलीवर किती मरते, याचं गणित ठरलेलं आहे. मातीचा उष्णता-विसरणाचा गुणांक (मातीतून उष्णता किती भरभर पसरते ते सांगणारा आकडा) घ्या, त्याला लाटेच्या कालावधीने गुणा, π ने (म्हणजे ३.१४ ने) भागा आणि वर्गमूळ काढा. साधारण ओलसर मातीसाठी गुणांक सेकंदाला अर्धा चौरस मिलिमीटर आणि कालावधी चोवीस तास धरला, तर उत्तर येतं सुमारे १२ सेंटीमीटर. एवढ्या खोलीवर लाटेची उंची पृष्ठभागावरच्या उंचीच्या ३७ टक्के उरते. आणखी १२ सेंटीमीटर खाली गेलात की त्या ३७ टक्क्यांचे ३७ टक्के. शिवाय लाट उशिरा पोचते, दर १२ सेंटीमीटरला जवळजवळ चार तास. (वर्गमूळ नको असेल त्यांनी इथून पुढे वाचलं तरी चालेल.)

आकडे घालून बघू. नागपुरात मे महिन्यात उघड्या मातीचं दिवसभराचं सरासरी तापमान समजा ३४ अंश आहे आणि पृष्ठभागावर ते १८ अंशांनी वरखाली होतं. म्हणजे दुपारी एकला माती ५२ अंशांवर. वीतभर, म्हणजे २२ सेंटीमीटर खाली मात्र चढउतार जेमतेम ३ अंशांचा उरतो. त्यातही दुपारी एकची उष्णता तिथे पोचायला रात्रीचे आठ वाजतात. त्यामुळे वर ५२ असताना खाली भरतात ३३. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साडेअडतीसच्या आसपास असतं. वरची माती त्याला भाजते, वीतभर खालची त्याची उष्णता शोषून घेते. आपला मोत्या हे सगळं गणित नखांनी सोडवतो!

वार्षिक लाटेलाही हाच नियम लागू आहे. कालावधी ३६५ पट, म्हणून खोली त्याच्या वर्गमुळाइतकी, सुमारे १९ पट. म्हणजे सव्वादोन मीटर. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे, ती त्याहून खोल असत. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक तिथवर फारसा पोचत नाही.

वाफाच का, याचंही उत्तर यात आहे. तुम्ही पाणी घातलेलं असतं. ओली माती उष्णता कोरड्या मातीपेक्षा कितीतरी भरभर वाहून नेते, बाष्पीभवनाने मुळातच थंड असते, आणि तुम्ही ती खुरप्याने मोकळीही करून ठेवलेली असते. म्हणून मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू आणि कर्दळ पहिल्यांदा आडवी होते. पोटाखालची माती थोड्या वेळात तापली की कुत्रा उठतो, आणखी एक थर काढतो आणि पुन्हा बसतो.

तेव्हा कुत्र्याला बागेपासून तोडण्यापेक्षा गारवा हलवावा. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत वाळू-मातीचा हातभर खोल चौकोन करा, दुपारच्या आधी तिथे पाणी शिंपडा, पहिले काही दिवस त्यात त्याचं खेळणं किंवा बिस्किट पुरा. वाफ्यांना पाणी भल्या पहाटे द्या. रोपांभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी जमिनीलगत अंथरून वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाका. जाळीच्या टोकदार कडा मात्र आत वळवा. तिखटाची पूड टाकू नका, डोळ्या-नाकाची आग होण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. त्यांतलं नॅफ्थलीन पोटात गेलं तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

एवढं करूनही तो एकाच कुंडीशी घुटमळत असेल तर खत तपासा. हाडांचा चुरा घातला असेल तर त्या वासाला तो भुलणारच. त्यात एरंडीची पेंड मिसळलेली असली तर प्रकरण गंभीर आहे. एरंडाचं तेल काढलं तरी रिसिन हे विषारी प्रथिन पेंडीत राहतं. पुरेशी उष्णता दिली तरच ते निकामी होतं, आणि पोत्यातल्या पेंडीला ती दिलेली आहे की नाही हे बघून कळत नाही. उलट्या, रक्ताची हगवण ही लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. रिसिनवर उतारा नाही. पेंड खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता खताची पिशवी बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जा.